कुदळीचा दांडा

पाना सापडत नाही म्हणून लगेच त्या नव्या भाडेकरूचं नाव घेऊ नका रे. बसा इथं ओट्यावर. काळेवाडीची लाईट काही अकराच्या आत येत नाही, आणि अंधारात पाना शोधून तुमचीच डोकी आपटतील. तोवर एक ऐका. माझ्या माहितीतल्या माणसावर गुदरलेलं आहे, ऐकीव नाही.

माणसाचं नाव भैरू. पिंपरीच्या कारखान्यात आम्ही अठरा वर्षं एका शिफ्टला काढली. बीडकडचा होता, बोलायला कमी आणि खोटं बोलायला तर त्याहून कमी. कारखान्यात लागायच्या आधी तो सोपानरावांकडे सालगडी होता. मोशीवरून इंद्रायणी ओलांडली की चाकणच्या वाटेला सोपानरावांचा मळा. कांदा, ज्वारी, आणि मधोमध अर्धवट खोदलेली विहीर.

सन छप्पन्नची गोष्ट. तेरा ऑक्टोबर, शनिवार. तिथी खंडेनवमी, दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी मालकानं भैरूला चाकणला धाडलं, नारळ आणि झेंडू आणायला. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, हे तुम्हाला माहीत आहे. कंपनीत आपण मशीनला हार घालतो तेच. आणि एकदा पूजेला लागलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हलवायचं नाही.

भैरू झेंडू घेऊन परतला, तर सोपानराव औजारांच्या खोलीच्या दारातच उभे.

"पूजंला काय मांडू रं? तुझं डोस्कं?"

झालं होतं असं, की पंधरा दिवसांत तीन हत्यारं गेली होती. आधी टिकाव, मग फावडं, मग घण. आणि गंमत बघा, दर खेपेला लाकडी दांडा तेवढा मागं राहायचा. विहिरीच्या काठाला, नीट उभा करून ठेवलेला. सोपानरावांनी मनाशी हिशेब जुळवून टाकला होता. लोखंड भंगारवाला घेतो, दांडा घेत नाही. चोर दांडा काढून टाकतो आणि लोखंड विकतो. मळ्यावर परका माणूस एकच. भैरू.

"मालक, माझ्या लेकराची आण..."

"आण घरात न्हाई घ्यायची. उद्या सोनं लुटायला समदं गाव देवळाम्होरं जमंल. तिथं बेलभंडार उचल. न्हाईतर आज कबूल हो."

देवळासमोर शपथ घ्यायला लावलेला गडी म्हणजे, शपथ खरी निघाली तरी, गावाच्या लेखी चोरच. मग पंचक्रोशीत त्याला कोण ठेवून घेणार? बायको सुभद्रा, कडेवर तान्हं मूल. जायचं कुठं?

तो म्हणाला, "आज रातच्याला मी खोलीत झोपतो. चोर धरून देतो."

"तूच चोर आन तूच राखणदार? मी बी झोपतो."

म्हणजे बघा, दोघं एकमेकांवर पहारा द्यायला एका खोलीत!

पाटावर विळे, खुरपी, नांगराचा फाळ आणि एक कुदळ मांडली. तीन हत्यारांच्या रिकाम्या जागा तशाच ठेवल्या. कंदील टांगला. सोपानरावांनी दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कडदोऱ्याला बांधली. मग चुलीतली राख आणून चाळणीनं दारापासून पाटापर्यंत मधल्या जमिनीवर भुरभुरली. कोण उठलं, कोण चाललं, सकाळी कळावं म्हणून.

भैरूला ते बघवेना. "मालक, राख मेलेल्या माणसासाठी पसरत्यात. पाऊल उमटतं का बघाया. जित्या चोरासाठी न्हाई."

"गप पड."

दोघं दोन भिंतींना घोंगडी टाकून पडले. झोप कुणालाच नाही. सोपानराव एक डोळा उघडून भैरूकडे बघतायत, भैरू मालकाकडे. त्याच्या मनात आलं, हाच तर लपवत नसेल? मला हाकलायला? पण कशासाठी, ते काही त्याला उमगेना.

बारा वाजून गेले असतील. नवमीचा चंद्र मावळतीला टेकला होता. कुत्रं भुंकत होतं, ते एकदम थांबलं.

विहिरीकडून आवाज आला.

ठक्. ठक्.

थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा... ठक्. ठक्.

भैरू उठून बसला. "मालक, विहिरीत कोन तरी खंदतंय."

कंदिलाच्या उजेडात भैरूनं मालकाचं तोंड बघितलं. चोराची चाहूल लागलेल्या माणसाचं तोंड असं नसतं. ते ओळखीचा आवाज ऐकलेल्या माणसाचं होतं.

"दोन घाव..." सोपानराव पुटपुटले. "दोन घाव, मग हातावर थुकायचा..."

"कोन?"

सोपानरावांनी घोंगडी छातीशी ओढली.

ठक्. ठक्.

मग आवाज थांबला. बराच वेळ शांत. मग ओल्या पावलांचा आवाज. विहिरीकडून. गोठ्यावरून. बैल उभे राहिले. आवाज दाराशी येऊन थांबला.

कुणी कडी वाजवली नाही. कुणी हाक मारली नाही.

नुसता श्वास... दमलेल्या माणसाचा.

सोपानरावांनी दोन्ही हात जोडले. दाराकडे तोंड करून. "चिमाजी... देतो रं... रंभेला देतो... उद्याच्या उद्या..."

कंदील विझला.

दोघांपैकी कुणी जागचं हललं नाही. पाटाकडे काहीतरी सरकलं. एवढंच. मग पहिला कोंबडा आरवला.

उजाडल्यावर बघितलं. कुलूप तसंच. किल्ली मालकाच्या कडदोऱ्याला. राखेवर पाऊल नाही. भैरूचं नाही, कुणाचंच नाही. आणि पाटावर कुदळीचा दांडा पडलेला, हळदकुंकवासकट. लोखंड गेलेलं.

मग सोपानराव बोलायला लागले. चिमाजी म्हणून एक विहीर खोदणारा होता. आदल्या वर्षी वैशाखात, भैरू यायच्या आधी, विहिरीची कड ढासळली आणि तो खाली गाडला जाऊन मेला. त्याची हत्यारं, टिकाव, फावडं, घण, कुदळ, काठावरच राहिली होती. चांगल्या घडणीची, त्याच्या बापाची. सोपानरावांनी त्याच्या बायकोला, रंभाला, सांगितलं की हत्यारं गाळात गेली. कुणी ओळखू नयेत म्हणून चिमाजीच्या हातचे जुने दांडे काढले, बंबाखाली घालून जाळले, आणि नवे बसवले.

भैरू मला म्हणाला, "हिंदुराव, मला तवा भ्या वाटलं न्हाई. राग आला. सवताच्या चोरीसाठी मला बेलभंडार उचलाया लावत व्हता."

दोघं तसेच, तोंडसुद्धा न धुता, शेजारच्या वाडीत रंभाच्या खोपटाकडे निघाले. सोपानरावांना खरं सांगून पाया पडायचं होतं. रंभा दारात सडा टाकत होती. मालकांना बघून तिनं पदर सावरला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"लई उपकार झालं, मालक. एकेक करून समदी धाडली. कोंबड्याच्या येळंला दाराशी टेकवून जात्यात, कोन ते दिसत न्हाई. म्या म्हनलं, मालकाला तोंडानं द्याया लाज वाटत आसंल."

ती त्यांना आत घेऊन गेली. भिंतीशी चारही हत्यारं मांडलेली. हळदकुंकू वाहिलेलं. कुदळीवर विहिरीचा ओला गाळ.

"आन मी म्हनत व्हते, नवं दांडं घालून देतील. पर न्हाई." ती कुदळीवरून हात फिरवत होती. "त्येंचंच दांडं हायती. ही बघा, त्येंच्या आंगठ्यानं पडलेली खाच."

सोपानराव तिथंच खाली बसले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. रंभा रडली नाही. एवढंच म्हणाली, "आता घरी जावा."

संध्याकाळी देवळासमोर सोपानरावांनी आपट्याचं पहिलं पान भैरूच्या हातात ठेवलं आणि सगळ्या गावादेखत त्याच्या पायाला हात लावला. भैरूच्या नावावरचा डाग धुतला गेला. पण साल पुरं झाल्यावर तो तिथं एक दिवस थांबला नाही. सुभद्रेला घेऊन तडक पिंपरीला आला.

मी त्याला विचारलं होतं. म्हटलं, राव, मालकानं घाबरून खोटंच सांगितलं असेल. दांडे जाळलेच नसतील. तूच सांग, जळालेलं लाकूड परत येतं होय?

भैरूनं चहाचा कप खाली ठेवला. मग त्यानं उजवा तळहात माझ्यापुढं उघडला.

म्हणाला, निघताना मी त्या कुदळीच्या दांड्याला हात लावला, हिंदुराव. बघावं म्हणून. गार सकाळ होती, खोपटात चूल पेटलेली नव्हती...

दांडा ऊन होता.

आणि हात काढला, तर तळव्याला राख.