दोर धरणारा

टकळीचं टकळी हे नाव ताईनंच ठेवलं होतं, आणि ते इतकं चपखल बसलं होतं की शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी घेताना तिच्या खऱ्या नावाला अडखळायच्या. सुट्टीच्या दुपारी जेवणं उरकली की टेबलावर फासे यायचे. ताई खेळाची सूत्रधार: गोष्ट ती सांगायची, आणि डाव जमला की फसला ते फासे ठरवायचे. राक्षस, म्हातारे जादूगार, चिडकी घुबडं, सगळ्यांचे आवाज तीच काढायची. टकळी चोर व्हायची, शेजारचा ढब्बू मांत्रिक आणि मामेभाऊ तलवारबाज. पण मामेभाऊ तलवारीपेक्षा जीभच जास्त चालवायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत.

झालेल्या खेळाची साहसकथा लिहायचं काम टकळीचं. पुढच्या वेळी ती कथा वाचून दाखवायची आणि विचारायची, "हरकत?" कुणी हरकत घेतली नाही की लिहिलेलं पक्कं. खेळात तसंच घडलं, असं धरायचं.

एकदा लिहिताना ती अडली. तिघंही दोरावरून गुहेतल्या खोल खड्ड्यात उतरले होते. मग वर दोर कुणी धरला होता? खेळताना हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तिनं एक माणूस घातला. नाव नाही, चेहरा नाही. खड्ड्याच्या काठावर अंधारात पाय रोवून उभा. आणि लिहिण्याच्या भरात एक वाक्य जास्तीचं: त्यानं गुहेबाहेरचा उजेड कधी पाहिलाच नव्हता.

"दोर खडकाला बांधायचा ना," ते ऐकल्यावर वकील म्हणाला. "माणूस कशाला खर्ची घालता?"

"तिथे खडक आहे असं मी कुठे सांगितलं होतं?" ताई म्हणाली.

"बरं बाई. हरकत नाही."

खेळ सुरू झाला. ढब्बूनं गंमत म्हणून हाक मारली, "ओ दोरवाले काका, जागे आहात ना?"

ताईच्या तोंडून उत्तर आलं. घोगरं, संथ. फार काळ न बोललेला माणूस शब्द चाचपत बोलतो तसं.

"जागा आहे. ऊन अंगाला कसं लागतं?"

"बाप रे, हा आवाज भारी जमलाय," ढब्बू म्हणाला आणि उगाच दंड चोळू लागला.

ताई हसली नाही. तिच्या मुठी टेबलाखाली आवळलेल्या होत्या.

पुढे तो दोरवाला न विचारताच ताईच्या तोंडून बोलायला लागला. फासे पडायच्या आधी, कुणाची पाळी नसताना. बाहेर माणसं जेवताना काय बोलतात? झोपलेल्या माणसाला कुणी उठवतं का? ताईला थांबवलं की ती दचकायची, आणि आपण काय बोललो ते तिला आठवत नसायचं.

मग तिच्या हातून कप पडायला लागले. आईनं तिचे तळवे बळंच उघडले. कातडी सोलवटली होती, आणि तिच्यावर दोराचे पीळ उमटले होते.

"कुठे लोंबकळून आलीस?"

"कुठेच नाही गं आई."

"तुम्हाला काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," म्हणत आईनं मलम लावलं.

एका दुपारी टकळी खोलीत गेली तर ताई मधोमध उभी. पाय रोवलेले, अंग मागे तोललेलं, दोन्ही मुठी पुढे. कपाळावरून घाम ओघळत होता.

"ताई, सोड ना."

"सोडू कशी? खाली तुम्ही आहात ना."

टकळीनं तिथेच फरशीवर बसून लिहायला घेतलं. काहीही करून ताईचे हात सुटायला हवे होते. पण दोर सोडला तर खाली तिघं होते. तिनं घाईघाईनं लिहिलं: त्यानं दोर दुसऱ्याच्या हाती दिला आणि तो बाहेर उजेडात चालत गेला. तो दुसरा कोण, ते नंतर बघू.

तिनं ते मोठ्यानं वाचलं. "हरकत?"

ताईचे डोळे विस्फारले. मान नाही-नाही अशी हलू लागली, ओठ उघडले.

"हरकत नाही," तो घोगरा आवाज म्हणाला.

ताईच्या मुठी सैल पडल्या.

पुढच्या खेळाला ताई सगळ्यांच्या आधी टेबलाशी येऊन बसली. तळवे गुळगुळीत, जणू कधी काही झालंच नव्हतं. प्रत्येकाच्या तोंडाकडे ती कौतुकानं बघत होती. टकळीचा जीव भांड्यात पडला.

वकिलानं मात्र खोड सोडली नाही. "दोर आता कुणाच्या हातात आहे? ते लिहिलेलंच नाही."

"आहे एक मुलगी," ताई म्हणाली. "हाका मारत असते. घट्ट धरून ठेवलाय पण तिनं. मायाळू आहे."



टकळीनं कागद ओढला. अक्षर वेडंवाकडं येत होतं. आम्ही तिघं वर चढून आलो. तिचा हात धरला. तिला बाहेर आणलं, घरी आणलं. तिनं वाचलं.

"हरकत?"

ढब्बूनं मान हलवली, नाही. वकिलानंही.

"आहे," ताई हळूच म्हणाली.

मग तिनं खिडकीकडे तोंड वळवलं, आणि भर दुपारच्या सूर्याकडे पापणीही न लववता बघत बसली.