तुटक्या कोपऱ्याचा सात

"च्यायला, परत चुकलो..."

जर्मनीत, आखनमधल्या आमच्या इन्स्टिट्यूटच्या कॉरिडॉरमध्ये मराठी शिवी ऐकू आली, म्हणून मी दारातून डोकं बाहेर काढलं. हातात कुलूप लावलेली पेटी, आणि पेटी भिजू नये म्हणून स्वतः अर्धा भिजलेला माणूस.

"धातुतपासणी इथेच," मी म्हटलं. "आणि शिव्या जरा हळू द्या. आमचे प्रोफेसर पुण्यात राहून गेलेत."

तो आधी घाबरला, मग माझा चेहरा बघून हसला. तिथेच माझं वाटोळं झालं. २००६ चा नोव्हेंबर होता.

त्याचं नाव तनय. जवळच्या क्योल्न शहरातल्या डोर्न नावाच्या जुन्या शस्त्रांच्या व्यापाऱ्याकडे तो कॅटलॉग लिहायचा. पेटीत सव्वाशे वर्षांपूर्वीचं लष्करी रिव्हॉल्व्हर होतं. तेव्हा एकच मॉडेल अनेक कारखान्यांत बनायचं आणि प्रत्येकाची खोड वेगळी — कुणाचा घोडा जाड, कुणाची नळी आखूड. संग्राहक या फरकांवर जीव टाकतात. वस्तू माणसं मारायची, पण आकडा कुठल्या बाजूला ठोकलाय यावर यांचे डोळे पाणावतात. एका बंद पडलेल्या कारखान्याने पहिल्या काही नगांत सिलिंडरचा, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याचा, आकडा पुढच्या बाजूला ठोकला होता. असे चारच नग माहीत होते. हा पाचवा, असं डोर्नचं म्हणणं. आकडा कारखान्यातलाच आहे, हे मी, म्हणजे तिथे पीएचडी करणाऱ्या वल्लरीने, तपासून लिहून द्यायचं होतं.

पेटी सोडून जायची त्याला परवानगी नव्हती. त्यामुळे दर बुधवारी तो माझ्या शेजारी बसायचा. मी मापं घ्यायची, तो वहीत लिहायचा. त्याच्या बोटांना बंदुकीच्या तेलाचा वास यायचा... आणि मला तो आवडायला लागला होता. तिसऱ्या बुधवारी 'तुम्ही' गळून पडलं.

"माझ्याकडे कधी बघशील, की सिलिंडरकडेच?"

"सिलिंडर गप्प बसतं."

"मी गप्प बसलो तर?"

"तर... बघू."

दहा मिनिटं तो खरंच गप्प बसला. मी बघितलं.

पाचव्या बुधवारी त्याने माझ्या सायकलच्या किल्लीसाठी पितळी बिल्ला आणला. त्यावर माझ्या खोलीचा नंबर, ४१७, स्वतःच्या हाताने ठोकलेला. दोन दिवस मी तो खिशात मुठीत धरून फिरले.

शुक्रवारी सिलिंडरचे फोटो पडद्यावर मोठे करून बघत होते. त्यातल्या सातचा वरचा कोपरा तुटका होता. आकडा ठोकायच्या पंचाच्या टोकाचा टवका उडाला, की प्रत्येक ठोक्यात ती खोट उमटते. हा कोपरा मला ओळखीचा वाटला. डोळ्यांना नाही, अंगठ्याला.

खिशातला बिल्ला काढून भिंगाखाली धरला. तोच कोपरा. तोच पंच.

पुढच्या बुधवारी तो आला तेव्हा मी मायक्रोस्कोपकडे बोट दाखवलं. त्याने वाकून दोन्ही सात बघितले.

"मीच ठोकला," तो म्हणाला. डोर्नने सांगितलं होतं. नाही म्हटलं तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली की व्हिसा.

"आणि हे बुधवार? माझ्या सहीसाठी?"

"पहिले दोन."

"नंतरचे?"

"नंतरच्यांचं सर्टिफिकेट... कोण देणार?"

त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं असंही वाटलं. दोन्ही केलं नाही. अहवाल खरा जाईल, एवढं सांगितलं, आणि पुराव्याला बिल्ला जोडावा लागेल म्हणून तो किल्लीतून काढायला लागले. कडी निघेना. नख तुटलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा माझा हात धरला.

"काढू नकोस. उद्यापर्यंत थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फडक्यात गुंडाळलेला पंच माझ्या टेबलावर ठेवला. "हा जोड. बिल्ला तुझ्याकडे राहू दे."

पंच दिला म्हणजे सगळंच दिलं. नोकरी, व्हिसा, नाव.

अहवालाचा फॉर्म जर्मन, म्हणजे निर्दय. पुरावा देणाऱ्याचं नाव लिहिलं. पुढचा प्रश्न होता, तपासणाऱ्याचा या व्यक्तीशी वैयक्तिक संबंध आहे का? 'नाइन', म्हणजे नाही, लिहिलं असतं तर काम माझ्याच नावावर राहिलं असतं. 'या', म्हणजे हो, लिहिलं की काम दुसऱ्याकडे, आणि वर माझी चौकशी. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता.

मी 'या'च्या चौकटीत खूण केली.

त्याने त्या खुणेवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाला, "गेनाऊ. अगदी बरोबर."

फेब्रुवारीत त्याला भारतात परत जावं लागलं. डोर्नचा केसही वाकडा झाला नाही. सगळं त्या इंडियन पोराने केलं, असं तो म्हणाला आणि लोकांनी मानलं. मला चार महिने प्रोफेसरांची बोलणी खावी लागली. प्रेम आहे, असं तोंडाने आम्ही दोघांनीही कधी म्हटलं नाही. पण आखनमधल्या एका फायलीत निळ्या शाईची ती खूण आहे. घाला कुठल्याही मायक्रोस्कोपखाली.