सभेतली द्रौपदी वनात

पिंगळीच्या देवळात, भरल्या कीर्तनात ईश्वरी पद विसरली, त्याला आता बरेच दिवस झाले होते. कीर्तनकार अनंतरावांनी यंदा मुलीला आपल्या जागी उभं केलं होतं. द्रौपदीच्या पदाशी ती अडखळली आणि रडत खाली बसली. तेव्हापासून आपलं डोकंच गेलं म्हणून ती गाण्याचं नाव काढत नव्हती.

गाव सारंगचं नाव घेत होतं. तो अनंतरावांचा जुना शिष्य. गुरूंची जागा आपल्याला मिळेल, अशी त्याला आशा होती, आणि कीर्तनाआधी ईश्वरीला घशासाठी काढाही त्यानंच दिला होता.

अनंतरावांनी परभणीहून धम्मशीलाला बोलावलं. ती खासगी तपास करायची. सोबतीला बजरंग, पोलिसातून निवृत्त झालेला. दर वेळी उलगडा ती करायची आणि लोक हात जोडायचे तेही तिलाच. बजरंगला ते सलत होतं. या खेपेला तिच्याआधी गुन्हेगार धरायचा, असं त्यानं ठरवूनच टाकलं होतं.

त्यानं सारंगला गाठलं. ईश्वरीचा हेवा वाटला, हे सारंगनं नाकारलं नाही. "पण काढा एकाच पातेल्यातला हाय. उरलेला मी प्यालो आन् शेवटपर्यंत तबला वाजवला."

बजरंगला ते पटलं नाही. हेवा काय करायला लावतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

धम्मशीला तोवर कीर्तनाचं फोनवरचं चित्रण पाहत होती. ईश्वरीची जीभ जड झाली नव्हती. सूर आणि ताल जागेवर होते. फक्त द्रौपदी 'सभेत' रडायची ती 'वनात' रडली, आणि कृष्णाऐवजी तिनं नळराजाला हाक मारली.

ईश्वरीच्या आईला, अनसूयाबाईंना, कीर्तनाच्या दिवसाबद्दल सुनेचं कौतुकच होतं. वैदेही सकाळपासून नणंदेजवळ दमयंतीचं एक नवं पद घेऊन बसली होती, तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेत होती. महिला मंडळात म्हणायचं होतं म्हणे. अनसूयाबाई स्वतः मंडळात होत्या, पण असा कुठला कार्यक्रम त्यांच्या कानावर नव्हता. "वैदेहीचा गळा लय गोड. बघायला गेलो तवा ह्यांनी तिला दोन पदं म्हणायला लावली होती."

वैदेही परभणीच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. ईश्वरी घाबरली असेल, एवढंच ती शांतपणे म्हणाली. दमयंतीच्या पदाची चाल कुठली, असं धम्मशीलानं विचारलं.

"अण्णांचीच," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. "द्रौपदीच्या पदाची."

संध्याकाळी सगळे ओसरीवर बसले. धम्मशीलानं ईश्वरीला द्रौपदीचं पद म्हणायला सांगितलं. नाही नाही म्हणत तिनं सुरू केलं, आणि पद अडखळल्याशिवाय पुरं झालं. ती स्वतःच चकित झाली.

"तुझं डोकं शाबूत हाय," धम्मशीला म्हणाली. "चाल तीच, रडणारी बाईच, फक्त शब्द निराळे. दोन आठवणी इतक्या सारख्या असल्या, की ताजी जुनीच्या आड येती. ताजी फिकी झाली, की जुनी परत वर येती. काढ्यानं जीभ जड झाली असती, नळराजा आला नसता."

"योगायोग असंल," बजरंग म्हणाला.

"इतका गोड गळा असणारीला, पाठ असलेल्या चालीवरचं एक पद सकाळपासून घोकावं लागतंय? आन् तेही त्याच दिवशी, मंडळाचा कार्यक्रम नसताना? एक आठवण दुसरीच्या आड कशी येती, हे या घरातली एकच बाई कॉलेजात शिकवती."

वैदेहीनं मान खाली घातली नाही.

"दमयंतीचं पद मीच रचलं," ती म्हणाली. "अण्णा, माझा गळा ऐकून तुमी मला पसंत केलंत. त्यानंतर एकदा तरी 'गा' म्हणलात का? यंदा तुमी तिलाच उभं केलंत, आन् माझ्या अंगाची लाही झाली."

"वहिनी, मला वाटलं डोक्याचं काही झालंय," ईश्वरी म्हणाली आणि उठून आत गेली.

बजरंगला वैदेहीकडं बघवेना. सारंगला आपण का धरलं होतं, ते त्याला आता उमगलं.

अनंतरावांनी सारंगची माफी मागितली. मग ते सुनेसमोर येऊन बसले. "तू गातीस हे मी विसरूनच गेलो, पोरी," ते म्हणाले, आणि आधारासाठी धम्मशीलाकडं वळले. "असं कसं झालं, बाई?"

"ईश्वरी का विसरली, ते मला सांगता आलं," धम्मशीला उठत म्हणाली. "तुमी का विसरलात, ते वैदेहीलाच विचारा."