आप्पांचे कान

उशीवर डबी होती. डबीत कानातली दोन्ही मशीनं होती. आप्पा मात्र घरात नव्हते.

फौजदारबाईंनी डबी उघडून पाहिली. जन्मभर बस चालवून इंजिनापायी कान गमावलेला म्हातारा मशीनं काढून, नीट ठेवून बाहेर पडतो. हा विसरभोळेपणा नव्हता, एवढं त्यांना कळलं.

"भांडण झालं होतं?" त्यांनी आप्पांच्या मुलाला विचारलं.

"नाही हो बाई. काल संध्याकाळपासून गप्पच होते. हाक मारली तरी ओ देईनात. मला वाटलं, मशीन बिघडलं. आज सकाळी म्हटलं, चला आप्पा, कान तपासून आणू. तर माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी रिक्षा आणायला खाली गेलो, वर येऊन बघतो तो..."

"अक्कल गहाण टाकली होतीस का?" त्याची थोरली बहीण रुमालाने डोळे टिपत म्हणाली. सकाळपासून ती रडतच होती. "म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडतात होय?"

"ताई, तुम्ही आप्पांशी शेवटचं कधी बोललात?" बाईंनी तिला विचारलं.

"झाला असेल महिना. सवड कुठे मिळते? याच्याशी बोलले काल संध्याकाळी."

"कुठे बोललीस? तुझा आवाजच येत नव्हता. स्वयंपाकघरात उभा राहून मी नुसता हॅलो हॅलो करत होतो."

"मला तुझं हॅलो ऐकू येत होतं. मला वाटलं ऐकतोयस. बोलले नि ठेवला."

"तेव्हा आप्पा कुठे होते?" बाईंनी विचारलं.

"या खोलीत. मशीनं लावून टीव्ही बघत होते."

"मशीनं कुणी जोडून दिली?"

"मीच. त्यांचा फोन साधा, बटणांचा. म्हणून माझ्या मोबाइलला जोडली, आवाज कमीजास्त करता यावा म्हणून."

त्याने मोबाइल पुढे केला. ब्लूटूथच्या यादीत त्याने हौसेने नाव दिलं होतं: 'आप्पांचे कान'.

बाईंनी एक मशीन स्वतःच्या कानात घातलं, मुलाला मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात पाठवलं आणि जिन्यातल्या हवालदाराला त्याचा नंबर लावायला सांगितलं. मुलगा भिंतीपलीकडे "हॅलो? हॅलो?" करत राहिला. हवालदार बाईंच्या कानात म्हणाला, "बाईंना सांगा, भुकेने जीव चाललाय."

बाईंनी मशीन काढून डबीत ठेवलं आणि मुलाला परत बोलावलं.

"ताई," बाई म्हणाल्या, "काल तुमचा एक शब्दही भावाला ऐकू गेला नाही. आवाज मोबाइलमधून थेट या मशीनमध्ये आला. तुम्ही बोललात ते सगळं आप्पांनी ऐकलं. काय बोललात?"

ताईचा रुमाल हातातच राहिला.

"म्हटलं... हे ओझं किती दिवस ओढणार? मी काही ठेवून घेणार नाही. वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय."

"पुढे?"

"कान तपासायला नेतो म्हणून सांग. आणि सोडून ये."

सकाळी मुलगा बापाला नेमकं तेच म्हणाला होता.

बाईंना ताईचा मनस्वी संताप आला. पण अशा गुन्ह्याला कलम नसतं. "जन्मभर बस चालवलेला माणूस जाऊन जाऊन कुठे जाणार?" म्हणत त्यांनी गाडी बस आगाराकडे घ्यायला लावली.

आप्पा बाकावर बसले होते, मांडीवर कपड्यांची पिशवी.

"आप्पा, मला काही माहीत नव्हतं! शपथ!" मुलगा ओरडला. बाईंनी डबी पुढे केली. आप्पांनी ती हाताने बाजूला सारली.

मग त्यांनी पिशवी उचलली आणि उभे राहिले.

"आलास न्यायला?" ते मुलाला म्हणाले. "चल. कान तपासायला जायचंय ना?"