चौथ्या चौकोनातल्या मुंग्या

टीव्हीवरच्या विहिरीच्या चौकोनाबद्दल काही विचारायचं नाही, हा राधाकिशन तात्यांच्या घरातला वर्षभराचा नियम. प्रियदर्शनीला तो उंबऱ्यातच ऐकवला गेला, चपला काढायच्या आधी.

“वायर बदल, टीव्ही नीट कर अन् गिलासभर ताक पिऊन जा,” तात्यांची बायको केशरकाकू म्हणाली. “बाकी ‘कावून’ नि ‘कसं’ करत बसू नको, माय.”

प्रियदर्शनी तात्यांची सख्खी पुतणी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून बीडला कॅमेरे बसवायचं स्वतःचं दुकान टाकलेली. कडा गावाजवळच्या या मळ्यातल्या घरी ती होता होईल तो यायचं टाळायची, कारण इथे ‘गप्प बस’ ऐकलं की तिची कानशिलं तापत. पण काम दहा मिनिटांचं होतं. पिशवीत नवी एचडीएमआय वायर टाकून ती भर दुपारी येऊन धडकली.

खोलीत पडदे ओढलेले होते. बाहेर चैत्राचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं, आणि आत मात्र शेवाळाचा, साचलेल्या पाण्याचा वास. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर चार कॅमेऱ्यांचे चार चौकोन : फाटक, गोठा, ओसरी, विहीर. पहिले तीन स्वच्छ. चौथ्यात चित्राऐवजी पांढऱ्या मुंग्या वळवळत होत्या.

गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी तात्यांची सून सुरेखा याच विहिरीत बुडून गेली. पाय घसरला, असं घर म्हणालं. नवी नवरी होती तेव्हा तिने टीव्हीकडे बोट करून प्रियदर्शनीला हळूच विचारलं होतं, “दिवसभर हे कोण बघत बसतं गं?”

प्रियदर्शनीने टीव्हीची वायर काढली, दोन्ही टोकं पुसली, पुन्हा घट्ट बसवली. मुंग्या तशाच. नवी वायर लावली. तशाच. टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत खोचून पाहिली. तशाच.

मग ती थांबली. चारही चौकोन रेकॉर्डिंगच्या डब्यातून या एकाच वायरीने टीव्हीत येतात. वायर खराब असती तर चारही नासले असते. मुंग्या एकालाच कशा लागतील?

तिने डब्याच्या मागे हात घालून विहिरीच्या कॅमेऱ्याची वायर उपसली. चौकोन काळा पडायला हवा होता.

पडला नाही. मुंग्या चालतच राहिल्या. मग कडेच्या मुंग्या सावकाश मध्ये सरकू लागल्या... विहिरीच्या काठाशी एक उभी रेघ झाली. रेघेला खांदे आले.

“बंद कर ते...” काकू पुटपुटली.

“वायर माझ्या हातात आहे, काकू.”

तिने वायर तशीच लोंबती सोडली आणि तरातरा विहिरीवर गेली. खांबावर कॅमेरा, कठडा तव्यासारखा तापलेला, खाली तळाशी हिरवं पाणी. कुणी नव्हतं. पाखराचाही आवाज नव्हता.

परत आली तर काकू भिंतीला पाठ लावून बसलेली.

“तुझ्या मागं कोण व्हतं?”

“कुणीच नव्हतं.”

“व्हतं... डोक्यावरून पदर घेतलेलं. तू वळलीस, तवा ती बी वळली...”

प्रियदर्शनीने डब्याकडे पाहिलं. उपसलेली वायर अजून लोंबत होती. काकूला खरं तर विहिरीवर गेलेली प्रियदर्शनीसुद्धा टीव्हीवर दिसायला नको होती.

तेवढ्यात तात्या आत आले. त्यांनी टीव्हीकडे पाठ ठेवूनच एक कागद पुढे केला. “हे घे. तुझ्या दुकानाचा शिक्का मार ह्याच्यावर.”

कागदावर टाईप केलं होतं : टीव्हीची वायर खराब असल्यामुळे त्या दुपारचं चित्रीकरण झालं नाही. सोमवारी कोर्टात तारीख होती. सुरेखाचे वडील आसाराम वर्षभर तेवढं एकच मागत होते, त्या दुपारचं चित्रीकरण.

“तात्या, टीव्हीची ही वायर फक्त दाखवते. साठवतो तो डबा. वायर जळून गेली असती तरी रेकॉर्डिंग झालंच असतं. कुणी पुसलं ते?”

“वायर खराब व्हती म्हणलो न्हाई का? मोठ्या माणसाला ‘कावून’ इचारायचं नसतं.”

“विचारलं नाही म्हणूनच वर्ष गेलं. तुम्ही म्हणालात घसरली, की सगळ्या गावाने म्हणायचं घसरली!”

“लई शिकलीस! लावू का तुझ्या बापाला फोन?”

“लावा. स्पीकरवर ठेवा. शिक्का मी मारणार नाही. सोमवारी आसारामकाकांच्या शेजारी उभी राहून सांगणार, वायर धडधाकट होती म्हणून.”

तात्यांनी हात उगारला. तो वरच राहिला. ते तिच्याकडे बघतच नव्हते. उगारताना ते टीव्हीसमोर वळले होते.

विहिरीचा चौकोन लख्ख झाला होता. रिकामा कठडा, ऊन, खाली आखूड सावली. मुंग्या आता गोठ्याच्या चौकोनात होत्या. बघता बघता गोठाही स्वच्छ झाला आणि ओसरीचा चौकोन भरून आला.

त्या चौकोनात याच खोलीचं दार दिसे. मुंग्या दाराशी आल्या आणि थांबल्या.

प्रियदर्शनीने कागद फाडून दोन तुकडे केले. तात्या आणि काकू टीव्हीकडून दाराकडे, दाराकडून टीव्हीकडे बघत राहिली. दार सताड उघडं होतं. पलीकडे रिकामी ओसरी उन्हाने भरलेली होती, आणि ते दार लोटून घ्यायला दोघांपैकी कुणी उठेना.