शेवटच्या सुरानंतरचं हसू

गाणं तिनं घरातच रेकॉर्ड केलं होतं, कपड्यांच्या कपाटात तोंड खुपसून. तिथं आवाज घुमत नाही. शेवटचा सूर विरतो न विरतो तोच मागून रांगत आलेली अकरा महिन्यांची छकुली खुदकन हसली. फार तर दोन सेकंद.

ती ते कापणार होती. रेकॉर्डिंग ऐकून रेडिओचा निवेदक म्हणाला, "राहू द्या हो ताई. त्या हसण्यासाठी लोक थांबतील."

"ऐक त्याचं," नवरा म्हणाला. "रेडिओवर वाजल्याशिवाय आपल्याला कोण हिंग लावून विचारतंय?"

गाणं वाजू लागलं. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग दिवसातून तीनदा. शेजारणी कौतुक करून गेल्या. त्याच सुमारास छकुलीची बडबड आटली. आधी 'बा-बा' गेलं, मग 'दा-दा', मग हसणंही.

डॉक्टरांनी घसा पाहिला, कान तपासले. "सगळं ठणठणीत आहे. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका."

घोर लागलाच. एका दुपारी ती घड्याळ समोर ठेवून बसली. रेडिओवरचं हसू नऊ सेकंद चाललं. नवऱ्याच्या फोनमधल्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये ते दोनच सेकंद होतं.

"त्यांनीच लांबवलं असेल," नवरा म्हणाला. पण तिच्या नजरेला नजर दिली नाही.

पुढच्या आठवड्यात रेडिओवर हसण्यापाठोपाठ 'बा-बा' आलं. मग 'दा-दा'.

एका सकाळी छकुली पलंगावरून पडली. कपाळाला टेंगूळ आलं. तोंड वासलं, डोळे घळाघळा वाहिले. आवाज नाही.

तिनं छकुलीला मांडीवर घेतलं आणि निवेदकाला फोन लावला.

"माझं गाणं बंद करा. आजपासून."

"काय बोलताय ताई? सगळ्यात जास्त फर्माइशी त्यालाच येतात."

"येऊ देत. मला नको."

"मग घरात एकदा काय ते ठरवा बुवा." तो हसला. "सकाळपासून तीनदा फोन आला तुमच्या लेकीचा. 'आईचं गाणं लावा' म्हणते. किती स्पष्ट बोलते हो!"

तिनं खाली पाहिलं. छकुलीचे ओठ मिटलेले होते.

"थांबा हं," निवेदक म्हणाला. "दुसऱ्या फोनवर तीच आहे. देऊ का बोलायला?"

छकुलीनं फोनकडे दोन्ही हात पुढे केले.