हिरवी नाडी

घड्याळ काढा, पुसा, पुन्हा बांधा. फोन जवळ आणा. फोन बंद करा, चालू करा. सारिकाताई भोईट्यांनी हे सगळं सकाळपासून इतक्यांदा केलं होतं, की मदतवाहिनीवरच्या गोड यांत्रिक आवाजाआधी त्याच ती वाक्यं म्हणून दाखवत होत्या. घड्याळ काही सिंक व्हायला तयार नव्हतं. काचेवर एक करडा गोल फिरत राहायचा आणि शेवटी तेच वाक्य उमटायचं: माहिती स्वीकारली गेली नाही.

"सारिकाताई, आपला त्रास मी समजू शकते," आवाज म्हणाला.

"तुला श्वास घ्यावा लागतो का गं?" सारिकाताईंनी विचारलं. "नाही ना? मग तुला काय डोंबल समजणार?"

समोर खुर्चीत त्यांचे यजमान धनंजयराव श्वास घेत होते, आणि तेवढं एकच काम त्यांना पुरून उरत होतं. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा, म्हणून गेला आठवडाभर ते बसूनच झोपत होते. पाय सुजून चपलेत जात नव्हते. संडासापर्यंत जायचं तरी भिंत धरावी लागत होती.

आता कुणी म्हणेल, मग सरळ दवाखान्यात न्यायचं. तेच तर करता येत नव्हतं. पूर्वी मोठ्या दवाखान्यातली खाट वशिल्यानं मिळायची. कुणाच्या भाच्याचा पाय मुरगळला तरी त्याला खाट, आणि छातीत कळ आलेला माणूस व्हरांड्यात. या प्रकाराला विटून सरकारनं नाडी कायदा आणला. प्रत्येकाच्या मनगटावर नाडीघड्याळ आलं. ते नाडी, रक्तातला ऑक्सिजन, झोप असं सगळं मोजायचं आणि केंद्राला पाठवायचं. केंद्र माणसाला रंग द्यायचं: बरा असेल तर हिरवा, काळजीचा असेल तर पिवळा, जिवावरचं असेल तर लाल. लाल झालात की न बोलावता ॲम्ब्युलन्स दारात, आणि दवाखान्याचं फाटक उघडायचं ते फक्त त्या ॲम्ब्युलन्सला. कायदा झाला त्या दिवशी सारिकाताईंनी स्वतः गल्लीत पेढे वाटले होते. घड्याळ चुकलं तर काय, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. खोटं बोलतात ती माणसं, घड्याळ कशाला बोलेल?

घरचे डॉक्टर इनामदार येऊन गेले होते. छातीला नळी लावल्याबरोबर त्यांचा चेहरा उतरला. हृदय थकलंय, फुप्फुसात पाणी साठलंय, आजच्या आज दाखल करायला हवं, असं त्यांनी सांगितलं, आणि फोनवर केंद्राची नोंद उघडली तर धनंजय भोईटे हिरवेगार. आज सकाळी अजिंक्यतारा चढून आले, नाडी उत्तम, अशी नोंद. डॉक्टरांनी फेरतपासणीची विनंती पाठवली. तिचं उत्तर आठवड्यात येणार होतं. माझ्या कानांना आता किंमत नाही वहिनी, एवढं म्हणून ते मान खाली घालून गेले.

मग सारिकाताईंनी नॉर्वेला मुलाला, ओजसला, फोन लावला. बाबांना धाप लागतेय हे त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, इतक्या शांतपणे की सारिकाताईंचं डोकं तडकलं.

"आई, माझ्यासमोर सगळं दिसतंय. बाबा सकाळी किल्ल्यावर होते. तूच उगाच घाबरतेस."

"अरे, घड्याळ आठवड्यापासून सिंक होत नाहीये. तुला दिसतंय ते काय?"

"काहीतरी छोटा बिघाड असेल. सेवाकेंद्रात दाखवून घे. तुझं बीपी बघ, तू पिवळी झालीयेस."

पोटच्या पोराला आईचा आवाज पुरेना, याचा संताप कुणावर काढायचा हे न कळून त्यांनी फोन सोफ्यावर आपटला. शेजारणीला धनंजयरावांपाशी बसवलं आणि घड्याळ पर्समध्ये टाकून निघाल्या. सारिकाताई पूर्वी साताऱ्यात बायकांसाठी मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवायच्या. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. त्या ब्रेकच्या जोरावर त्यांनी निम्म्या साताऱ्याला गाडी शिकवली आणि एकीलाही कुठं आपटू दिलं नाही. पुढं गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, शाळा बंद पडली. आवाज मात्र तसाच राहिला. घड्याळाच्या कंपनीच्या सेवाकेंद्रात त्या आवाजानं दोन काउंटर पार केले आणि आतून डॉ. तन्मयी हुपरीकर स्वतः बाहेर आल्या. वय पस्तिशीचं. घड्याळातली माहिती कशी वाचायची हे ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी त्या एक होत्या.

त्यांनी घड्याळ यंत्रावर ठेवलं, बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं की घड्याळात काहीही बिघाड नाही.

"मग माझ्या नवऱ्यात आहे. पण ते तुमचं केंद्र मानत नाही," सारिकाताई म्हणाल्या. "माहिती जात नाही, तर मुलाला तिकडे दिसतंय ते कुठून येतं?"

"त्याला आम्ही पूर्ती म्हणतो, काकू." तन्मयीनं खुर्ची पुढं ओढली. "समजा, एक मुलगा वर्षभर रोज शाळेत येतोय. एक दिवस मास्तर हजेरी घ्यायला विसरले. तर ते त्याला हजरच धरतील ना? तसंच माहिती आली नाही की केंद्र त्या माणसाच्या आजवरच्या सवयीवरून मधली जागा भरून काढतं. नाहीतर जरा रेंज गेली की निम्मा जिल्हा लाल दिसेल."

"आणि तो पोरगा त्या दिवशी विहिरीत पडलेला असला तर?"

 तन्मयीनं नाडीठशाचं सांगायला घेतलं. कायदा आल्यावर लोकांनी घड्याळं कुत्र्याच्या गळ्यात बांधली, पंख्याला बांधली, शेजारच्या खेळाडू पोराला घालायला दिली. ते थांबवायला नाडीठसा आला. प्रत्येक हृदयाची चाल वेगळी असते. दोन ठोक्यांमधलं अंतर किती हलतं, चढावर नाडी कशी वाढते, थांबल्यावर किती लवकर उतरते, यावरून माणूस ओळखता येतो, अंगठ्याच्या ठशासारखा. झटका आला तरी ती ढब राहते. आजार हळूहळू वाढला, तर ठसाही त्याच्याबरोबर बदलत जातो.

"काकांची माहिती येतेय, काकू. रोज येतेय. केंद्र ती नाकारतंय. हे मनगट धनंजय भोईट्यांचं नाही, असं त्याचं म्हणणं आहे." मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "हे घड्याळ आणखी कुणी घालत होतं का?"

सारिकाताई तोंड उघडून तिला चांगलंच सुनावणार होत्या. पण त्यांना पहाट मंडळ आठवलं आणि त्या तशाच उठल्या.

पहाट मंडळ म्हणजे रोज सकाळी अजिंक्यतारा चढणारं टोळकं. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचा फलक होता, आणि फलकावरचं एकही नाव हिरव्याचं पिवळं होऊ द्यायचं नाही, हा मंडळाचा अभिमान. त्यासाठी त्यांच्यात एक रीत पडली होती, तिला ते 'सांभाळणं' म्हणत. कुणी लग्नाला गेलं, कुणाची कंबर धरली, तर दुसऱ्यानं त्याचं घड्याळ आपल्या मनगटावर चढवायचं आणि त्याच्या वाटचं चालून यायचं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत घड्याळं घालून किल्ला चढणारी माणसं सारिकाताईंनी पाहिली होती, हसल्याही होत्या.

घरी आल्या तेव्हा धनंजयरावांपाशी रणजित जगदाळे बसले होते. मंडळातले सर्वांत दणकट गडी, धनंजयरावांचे शाळेपासूनचे मित्र. नातवाच्या बारशाला आठवडाभर बडोद्याला गेले होते, ते आजच परतले होते.

"माझ्या नवऱ्याचं घड्याळ कोण घालत होतं, भाऊजी?"

रणजितरावांनी धनंजयरावांकडे पाहिलं. धनंजयराव भिंतीकडे पाहत होते. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी चढावर पहिल्यांदा धाप लागली. एक दिवस सांभाळ, म्हणून धनंजयरावांनी घड्याळ मित्राला दिलं. मग आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग कायमचंच. घरात दाखवायला त्यांनी जुनं बंद पडलेलं घड्याळ मनगटावर ठेवलं होतं. स्वतःचं आणि सांभाळायला घेतलेली दोन, अशी तीन घड्याळं घालून बारशाला गेलो तर सून काय म्हणेल, या लाजेनं रणजितरावांनी जाताना खरं घड्याळ परत दिलं. म्हणजे ते मालकाच्या हातात आलं त्याच दिवसापासून सिंक होईनासं झालं होतं.

"लाल झालो असतो तर ओजस तिकडची नोकरी टाकून आला असता," धनंजयराव एकेका शब्दाला थांबत म्हणाले. "तू पण... झोपली नसतीस."

"आता झोपतेय का मी?" सारिकाताईंचा आवाज चिरकला. "दोन वर्षं मी रोज संध्याकाळी फोनवर त्या परक्या नाडीला बघून देवाला हात जोडले. तुम्ही समोर बसून ते बघत होता. लाज नाही वाटली तुम्हाला?"

नवऱ्याला धरून गदागदा हलवावं असं त्यांना वाटत होतं, आणि हलवलं तर तो हातातच राहील अशी भीतीही वाटत होती. त्यांनी तन्मयीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. घड्याळ आधी मधूनमधूनच गेलं, म्हणून केंद्रानं तो हळूहळू झालेला बदल मानला आणि ठसा जगदाळेकाकांचा झालाय, ती म्हणाली. नवीन ठसा घ्यायला कित्येक आठवड्यांची नाडी लागते. ती वरिष्ठांकडे धाव घेणार होती, पण तिकडेही पहिलं उत्तर पूर्तीच वाचून येणार होतं.

"म्हणजे धनंजय भोईटे म्हणून तुमचं केंद्र ज्याला ओळखतं, तो लाल झाला तरच गाडी येणार?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तन्मयी म्हणाली, "काकू, चालताना किंवा पळताना नाडी वाढली तर घड्याळ त्याला व्यायाम समजतं. मनगट स्वस्थ असताना वाढली, तरच ते घाबरतं." आणि तिनं फोन ठेवला.

कोपऱ्यात टॉवेल वाळत घालायची व्यायामाची सायकल होती. सारिकाताईंनी टॉवेल फेकून दिले, रणजितरावांना वर बसवलं, त्यांच्या मनगटावर घड्याळ आवळलं, ते मुकाट सिंक झालं, आणि त्यांनी तो हात शेजारच्या टेबलावर उशीवर ठेवला.

"पाय पळवायचे, हात झोपवायचा. हात हलला तर बघा."

त्यांनी निम्म्या साताऱ्याला ज्या आवाजात शिकवलं, तोच आवाज आता घरात घुमत होता. आणखी जोरात, भाऊजी. श्वास कोंडा. दोन वर्षं माझ्या नवऱ्याच्या वाटचं चाललात ना, आता त्याच्या वाटचं मरा जरा. रणजितरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, चेहरा तांबडालाल झाला, बनियन पिळून काढण्यासारखं झालं. घड्याळ पिवळं झालं. मग किंचाळलं आणि लाल झालं.

भोंगा वाजवत ॲम्ब्युलन्स दारात आली. तिला चालक नव्हता. आत एक तरुण सेविका होती, मनीषा नावाची. ती स्ट्रेचर घेऊन थेट रणजितरावांकडे धावली. सारिकाताईंनी तिचा दंड धरून तिला खुर्चीकडे वळवलं. रोगी हा आहे, त्या म्हणाल्या. मनीषानं धनंजयरावांचे निळसर ओठ पाहिले. तिला सांगायची गरज नव्हती. तिनं हातातलं यंत्र त्यांच्या मनगटाला लावलं. यंत्र म्हणालं: ओळख नाही.

"काकू, मला दिसतंय," ती कळवळून म्हणाली. "पण मी ह्यांना स्ट्रेचरवर घेतलं तर गाडी सुरूच होणार नाही. नातेवाईक म्हणून बसवते. फाटकाच्या आत गेलो की पुढचं बघू."

म्हणून मग ठणठणीत रणजितराव पट्ट्यांनी बांधून स्ट्रेचरवर झोपले आणि धनंजयरावांना उचलून बाकावर बसवण्यात आलं. गाडी निघाली. मनीषानं ऑक्सिजनचा मास्क रणजितरावांना लावला आणि खिडकीबाहेर पाहायला लागली. सारिकाताईंनी मास्क काढून नवऱ्याच्या तोंडावर धरला.

"रुग्णाचा ऑक्सिजन निघाला आहे," गाडी म्हणाली.

"निघाला नाही, आत्ता कुठं लागलाय," सारिकाताई छताकडे बघून म्हणाल्या.

धनंजयरावांनी त्यांचा हात घट्ट धरला होता. पोवई नाका मागं पडला. दवाखान्याची पांढरी इमारत पुढच्या वळणापलीकडे दिसायला लागली. आणि रणजितराव हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, उतरतेय."

छताजवळच्या पडद्यावर धनंजय भोईटे या नावापुढचा आकडा खाली येत होता. रणजितरावांनी श्वास कोंडला, पट्ट्यांखाली पाय झाडून पाहिले, दात-ओठ खाल्ले. पण रोज किल्ला चढून कमावलेलं हृदय ते. थांबलं की लवकर शांत व्हायचं, हीच तर त्याची ओळख होती. आकडा पिवळा झाला.

"मी काय करू, वहिनी?" ते लहान मुलासारखे रडायला लागले. रडण्यानंही आकडा चढला नाही.

भोंगा थांबला. गाडीचा वेग कमी झाला.

"अभिनंदन," गाडी म्हणाली. "धनंजय भोईटे यांची नाडी पूर्ववत झाली आहे. खाट दुसऱ्या रुग्णास देण्यात आली आहे. आपणास घरी सोडण्यात येत आहे."

मनीषा पुढच्या काचेवर मुठी आपटत कुणाला तरी हाका मारत होती. पुढं कुणी नव्हतं. सारिकाताईंच्या मांडीवरचा फोन उजळला. ओजसचा निरोप होता: आई, बाबा लाल दिसले तेव्हा तिकीट काढायला बसलो होतो. आता हिरवे झाले. बघ, घड्याळानं वेळेवर कळवलं की नाही? उगाच शिव्या घालतेस त्याला.

धनंजयरावांची पकड सैल होत होती. गाडी दवाखान्याच्या फाटकासमोर आली, फाटक बंदच होतं, आणि ती सावकाश, अगदी नियमानुसार, घराच्या दिशेनं वळायला लागली. सारिकाताईंनी उजवा पाय जिवाच्या आकांतानं खाली दाबला, जिथं त्यांच्या गाडीत दुसरा ब्रेक असायचा. पायाखाली सपाट पत्रा होता. तरी त्या दाबत राहिल्या.